आडवी लहर, उभी लहर : ध्रुवणमापी रडारची वाटचाल

रडारमधून निघालेली सूक्ष्मतरंग लहर जमिनीवर आदळून परत येते, तेव्हा ती किती वेळाने परतली आणि किती क्षीण झाली, एवढेच बहुतेक रडारे नोंदवत आली. त्याच लहरीत आणखी एक माहिती असते. तिचे विद्युत क्षेत्र कोणत्या दिशेने डोलत होते, ही ती माहिती. क्षितिजाला समांतर डोलले तर ते आडवे ध्रुवण आणि त्याला काटकोनात डोलले तर उभे ध्रुवण. आडवी पाठवलेली लहर उघड्या मातीवरून परतली तर बव्हंशी आडवीच राहते. झाडाच्या फांद्या-डहाळ्यांतून परतली तर काही अंशी उभी होऊन येते. रस्ता आणि भिंत यांच्या कोनातून दोनदा उसळून आली, तर आडव्या आणि उभ्या लहरींची कला, म्हणजे चढउताराचा टप्पा, एकमेकींच्या जवळजवळ उलट होते. हे बदल पूर्णपणे मोजून त्यांवरून जमिनीवर काय आहे ते ओळखण्याचे तंत्र म्हणजे ध्रुवणमापन. सिंथेटिक अॅपर्चर रडारला त्याची जोड मिळाली की त्या क्षेत्रातले लोक त्याला ‘पोलसार’ म्हणतात. या तंत्राचा इतिहास जरा विचित्र क्रमाने घडला. गणित आधी तयार झाले, ते वापरू शकणारे यंत्र तीस वर्षांनी आले, आणि ते यंत्र अवकाशात जाऊन आल्यावरही त्याला उपग्रहावर कायमची जागा द्यायला आणखी बारा वर्षे लागली.

मुळात सिंथेटिक अॅपर्चर रडारची कल्पना १९५१ची. अमेरिकेतील गुडइयर एअरक्राफ्ट कंपनीतील अभियंता कार्ल वायली यांच्या लक्षात आले की, उडत्या विमानातून दिसणाऱ्या दोन शेजारच्या बिंदूंवरून परतणाऱ्या लहरींच्या वारंवारतेत डॉप्लर परिणामामुळे किंचित फरक असतो. तो फरक पकडला तर छोटी अँटेनाही प्रचंड अँटेनेसारखे बारकावे टिपू शकते. मिशिगन विद्यापीठातील गटाने १९५७मध्ये या तत्त्वावर स्पष्ट प्रतिमा मिळवून दाखवल्या. परतलेल्या लहरी फिल्मवर नोंदवायच्या आणि लेझर नसलेल्या त्या काळात भिंगांच्या मांडणीतून प्रकाश पाठवून त्या फिल्मवरून चित्र घडवायचे, अशी ती पद्धत होती. तिच्यावर काम करणाऱ्या एमेट लीथ यांनी पुढे याच कामातून होलोग्राफीला नवे वळण दिले. जून १९७८मध्ये नासाने सोडलेल्या सीसॅट उपग्रहाने हे तंत्र नागरी वापरासाठी प्रथमच अवकाशात नेले. त्याच्या रडारची तरंगलांबी २३.५ सेंटिमीटर, अँटेना १०.७ मीटर लांब आणि कक्षेची उंची ८०० किलोमीटर. साध्या रडारला या आकड्यांवर सुमारे १८ किलोमीटरपेक्षा बारीक काही दिसले नसते. सीसॅटला २५ मीटर दिसले. विद्युत यंत्रणेत शॉर्ट सर्किट होऊन १० ऑक्टोबरला तो बंद पडला, पण तेवढ्या सुमारे साडेतीन महिन्यांत त्याने पुढच्या दोन दशकांची दिशा ठरवली. मात्र सीसॅट आडवी लहर पाठवायचा आणि आडवीच ऐकायचा. बाकी जे काही परत येत होते ते त्याच्या दृष्टीने नव्हतेच.

ते ‘बाकीचे’ कसे मोजायचे, हे तोवर कागदावर सुटलेले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अँटेना प्रयोगशाळेत हा प्रश्न हाताळला जात होता. तिथे काम केलेले जॉर्ज सिंक्लेअर यांनी दाखवून दिले की, रडारसमोरची कोणतीही वस्तू ध्रुवणाच्या दृष्टीने चार संख्यांच्या एका मॅट्रिक्सने सांगता येते. आडवी पाठवून आडवी ऐकली, आडवी पाठवून उभी ऐकली, उभी पाठवून आडवी ऐकली, उभी पाठवून उभी ऐकली, अशा त्या चार नोंदी. प्रत्येक नोंदीत तीव्रता आणि कला दोन्ही हवीत. पाठवणारी आणि ऐकणारी अँटेना एकाच ठिकाणी असेल तर मधल्या दोन नोंदी सारख्याच येतात. पुढे हीच गोष्ट यंत्र बरोबर चालते आहे का हे तपासायला फार उपयोगी पडली. सिंक्लेअर यांचा लेख १९५०मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘सिंक्लेअर मॅट्रिक्स’ हे नाव रूढ झाले.

त्याच प्रयोगशाळेतील एडवर्ड केनॉ यांनी १९५२मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले. वस्तूचे मॅट्रिक्स हाती असेल, तर कोणते ध्रुवण पाठवले असता सर्वांत जास्त ऊर्जा परत येईल आणि कोणत्या ध्रुवणाला ती वस्तू जणू अदृश्य होईल, हे काढता येते, असे त्यांनी सिद्ध केले. ध्रुवणाच्या सर्व शक्य अवस्था एका गोलाच्या पृष्ठभागावर मांडण्याची युक्ती फ्रेंच गणिती प्वँकारे यांनी एकोणिसाव्या शतकातच प्रकाशासाठी शोधली होती. केनॉ यांनी ती रडारला लावली. प्रत्येक वस्तूचे हे खास बिंदू त्या गोलाच्या एकाच महावर्तुळावर एका ठरावीक रचनेत बसतात, हा त्यांचा निष्कर्ष. यातले बरेचसे काम लष्करी करारांखालच्या अहवालांत पडून राहिले आणि बाहेरच्या संशोधकांना त्याची गंधवार्ताही नव्हती. ते अहवाल एकत्र छापले गेले ते १९८४मध्ये.

मधल्या काळात ही वाट जिवंत ठेवली ती लॉकहीड कंपनीत काम करणाऱ्या डच वंशाच्या जे. रिचर्ड ह्यूनेन यांनी. १९७०मध्ये डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी एक आग्रह धरला. रडारसमोरच्या वस्तूला तिचे स्वतःचे गुणधर्म असतात, ते पाहणाऱ्याच्या अँटेनेवर अवलंबून नसतात, म्हणून मोजमापातून आधी ते गुणधर्म वेगळे काढले पाहिजेत. सममिती, वळण, उसळींची संख्या यांना त्यांनी स्वतंत्र परिमाणे दिली. शिवाय शेत किंवा जंगल यांसारखे लक्ष्य म्हणजे एक वस्तू नसून असंख्य वस्तूंची सरासरी असते, तेव्हा त्या सरासरीतून एक ‘मुख्य’ वस्तू आणि उरलेला गोंधळ असे दोन भाग पाडावे, ही कल्पनाही त्यांचीच. आजच्या पोलसारमध्ये अशी फोड करणाऱ्या अनेक पद्धतींचे मूळ इथे आहे. ह्यूनेन यांचा प्रबंध वाचायला अवघड आहे, चिन्हे घरगुती आहेत आणि अनेक गोष्टी त्यांनी वाचकाच्या तर्कावर सोडल्या आहेत. तरीही या विषयात त्याच्याइतके मौलिक लेखन फार थोडे झाले. केनॉ आणि ह्यूनेन यांना विस्मृतीतून बाहेर काढण्याचे श्रेय शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाचे वोल्फगांग-मार्टिन बर्नर यांचे. १९८३ आणि १९८८ साली जर्मनीतील बाड विंड्सहाइम या गावी त्यांनी भरवलेल्या परिषदांत गणिती, रडार अभियंते आणि भूवैज्ञानिक पहिल्यांदा एका टेबलाभोवती आले.

भूवैज्ञानिकांना ध्रुवणाचे महत्त्व खरे तर आधीच जाणवले होते, अर्धवट का होईना. १९६०च्या दशकात वेस्टिंगहाउस कंपनीचे एपीक्यू-९७ हे विमानी रडार आडवी लहर पाठवून आडवी आणि उभी अशा दोन्ही लहरी ऐकत असे आणि दोन्हींची चित्रे शेजारी-शेजारी फिल्मवर उमटवत असे. १९६६मध्ये कॅन्सस विद्यापीठाच्या लुई डेलविग आणि रिचर्ड मूर यांनी कॅलिफोर्नियातील पिसगा ज्वालामुखीच्या परिसराची अशी दोन चित्रे ताडून पाहिली. काही खडक एका चित्रात उजळ दिसत आणि दुसऱ्यात मंद. पुढच्याच वर्षी याच रडारने पनामातील दारिएन प्रांताचा नकाशा केला. तो भाग इतका ढगाळ की तोवर त्याचे पुरेसे हवाई छायाचित्रणच होऊ शकले नव्हते. पण हे रडार दोन चित्रांतील तीव्रता दाखवायचे, त्यांच्यातील कलेचा संबंध त्यात हरवलेला असे. केनॉ यांच्या गणिताला लागणारी अर्धी सामग्री त्यामुळे मिळतच नव्हती. फिल्म आणि भिंगे यांच्या जोरावर ती मिळणेही कठीण होते. त्यासाठी प्रत्येक बिंदूची तीव्रता आणि कला आकड्यांत साठवणारे संगणकीय संस्करण हवे होते. सीसॅटच्या नोंदींवरून १९७८च्या अखेरीस कॅनडातील मॅकडोनाल्ड डेटवायलर कंपनीने पहिले पूर्णपणे संगणकावर घडवलेले चित्र काढले, तेव्हा ही अडचण दूर होण्याची चिन्हे दिसली.

पासाडेना येथील जेट प्रपल्शन लॅबोरेटरीने ही संधी घेतली. तिथे रडारविभागाची सूत्रे लेबननमध्ये जन्मलेल्या चार्ल्स एलाची यांच्याकडे होती. १९८१मध्ये कोलंबिया स्पेस शटलमधून त्यांच्या गटाचे सर-ए रडार गेले होते आणि त्याने सहाराच्या कोरड्या वाळूखाली गाडल्या गेलेल्या जुन्या नद्यांची पात्रे दाखवून जगाला चकित केले होते. मात्र तेही आडवे-आडवे रडार होते. १९८५पर्यंत याच प्रयोगशाळेने नासाच्या कॉनव्हेअर सीव्ही-९९० विमानावर एल-बँडचे, म्हणजे सुमारे २४ सेंटिमीटर तरंगलांबीचे, असे रडार बसवले की, ते एक स्पंद आडवा आणि पुढचा उभा पाठवी आणि प्रत्येक वेळी दोन्ही अँटेनांनी ऐकत असे. सिंक्लेअर यांच्या चारही नोंदी, कलेसह, प्रत्येक चित्रबिंदूसाठी हाती आल्या. मात्र १७ जुलै १९८५ रोजी कॅलिफोर्नियातील मार्च हवाई तळावर उड्डाणासाठी धावताना या विमानाचे टायर फुटले, तुकड्यांनी इंधनटाकीला भोक पाडले आणि विमान जळून खाक झाले. आतली सर्व माणसे वाचली, यंत्रसामग्री वाचली नाही. तोवर गोळा झालेल्या नोंदींवर १९८७मध्ये हॉवर्ड झेबकर, याकोब व्हान झेल आणि डॅनियल हेल्ड यांनी जो लेख लिहिला, तो या क्षेत्रातला निर्णायक लेख मानला जातो. उड्डाण एकदाच करायचे, चार नोंदी घ्यायच्या आणि मग हवे ते ध्रुवण पाठवले असते तर काय दिसले असते, हे नंतर संगणकावर काढायचे, असे त्यांनी दाखवले. वर्तुळाकार, तिरपे, लंबवर्तुळाकार, कोणतेही ध्रुवण चालते. त्यासाठी पुन्हा विमान उडवण्याची गरज नाही. पस्तीस वर्षांपूर्वी केनॉ यांनी लिहिलेली समीकरणे आता चित्र काढू लागली.

विमान गेले म्हणून काम थांबले नाही. नासाच्या डीसी-८ विमानावर एअरसार हे नवे रडार बसवले गेले. पी, एल आणि सी अशा तीन बँडांत, म्हणजे साधारण ६८, २४ आणि ६ सेंटिमीटर तरंगलांबीवर, ते पूर्ण ध्रुवणमापन करी. २००४पर्यंत ते उडत राहिले. अशा यंत्राची विश्वासार्हता ठरवण्याची रीत मोठी साधी आहे. वाळवंटातील कोरड्या तळ्याच्या सपाट तळावर धातूचे तीन पत्रे एकमेकांना काटकोनात जोडून कोपरे मांडतात. कॅलिफोर्नियातील रोझामंड हे अशा तळ्यांपैकी प्रसिद्ध. अशा कोपऱ्यावरून आडवी आणि उभी लहर सारख्याच तीव्रतेने व सारख्याच कलेने परतली पाहिजे आणि एकीचे दुसरीत रूपांतर अजिबात होता कामा नये. चित्रात त्या कोपऱ्याच्या जागी तसे दिसले नाही तर दोष यंत्राचा, आणि तो किती ते त्याच बिंदूवरून मोजता येते.

एअरसारच्या चित्रांत एक चित्र असे आहे की, पोलसार शिकणाऱ्या जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याच्या नजरेखालून ते गेलेले असते. सान फ्रान्सिस्को शहर, गोल्डन गेटची सामुद्रधुनी, तिच्या काठचे डोंगर आणि गोल्डन गेट पार्क, हे सगळे एकाच चौकटीत. समुद्र म्हणजे नुसता पृष्ठभाग, बाग म्हणजे झाडांची दाटी, शहर म्हणजे भिंती आणि रस्ते. सिद्धांत सांगत होता ते तिन्ही प्रकार एकमेकांना लागून. या चित्राला रंग देण्याची रूढ रीत अशी की, पृष्ठभागावरून एकदा उसळलेली लहर निळी, दोनदा उसळलेली लाल आणि ध्रुवण बदलून आलेली हिरवी दाखवायची. समुद्र निळा येतो, बाग हिरवी येते, शहर लालसर येते. पण मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेकडे, जिथे रस्त्यांची जाळी उरलेल्या शहराच्या जाळीशी सुमारे ४५ अंशांनी तिरपी आहे, तिथे दाट इमारती असूनही चित्र हिरवे येते. भिंती रडारकडे तोंड करून उभ्या नसल्या की परतणारी लहर ध्रुवण बदलते आणि काँक्रीटचे शहर जंगलासारखे दिसते. ही चूक दुरुस्त करायला पुढे दोन दशके संशोधकांनी शेकडो पाने खर्च केली. जपानच्या योशिओ यामागुची यांनी २००५मध्ये सुचवलेल्या चार घटकांच्या प्रतिमानात आणि त्यानंतरच्या दिशाकोन-दुरुस्त्यांत या तिरक्या वस्तीचा मोठा वाटा आहे. एका शहराची रस्तेआखणी एका विज्ञानशाखेच्या अडचणींचे मोजमाप ठरावी, हे क्वचितच घडते.

अवकाशात पूर्ण ध्रुवणमापन पोहोचले ते १९९४मध्ये. एन्डेव्हर शटलने एप्रिलमध्ये एकदा आणि ३० सप्टेंबर ते ११ ऑक्टोबर या काळात दुसऱ्यांदा सर-सी/एक्स-सार हे रडार नेले. १२ मीटर लांब, ४ मीटर रुंद अँटेना, एल आणि सी बँडांत चारही नोंदी आणि त्याच वेळी जर्मनी-इटलीने बनवलेले एक्स-बँड रडार, असा तो जामानिमा होता. वर्षाच्या दोन ऋतूंत तीच जंगले, तीच शेते, तीच हिमक्षेत्रे तीन तरंगलांब्यांत पाहता आली. दुसऱ्या उड्डाणाच्या सुरुवातीसच कामचाटकातील क्ल्युचेव्हस्काया ज्वालामुखी भडकला आणि रडारने धुराच्या आडून त्याची चित्रे घेतली. दुसऱ्या उड्डाणातल्या नोंदींपैकी सायबेरियात बैकाल सरोवराला मिळणाऱ्या सेलेंगा नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या नोंदी शास्त्रीय दृष्ट्या सर्वांत फळल्या. जवळपास त्याच कक्षेतून पुन्हा घेतलेल्या चित्रांच्या कला एकमेकींशी ताडून उंची मोजता येत असे. शेन क्लाउड आणि कोन्स्टांटिनोस पापाथानासिऊ यांनी १९९८मध्ये सेलेंगाच्या याच नोंदी घेऊन त्यात ध्रुवण मिसळले. फांद्यांवरून आलेली लहर आणि जमिनीवरून आलेली लहर यांचे ध्रुवण वेगळे, म्हणून त्यांच्या उंचीही वेगळ्या काढता येतात. म्हणजेच झाडाची उंची आकाशातून मोजता येते. वनांतील कार्बन मोजण्याच्या आजच्या प्रयत्नांचा पाया त्या लेखात आहे. सर-सीची यंत्रणा फेब्रुवारी २०००मध्ये पुन्हा उडाली. पण ती एसआरटीएम मोहीम होती आणि तिला जगाच्या उंचीचा नकाशा हवा होता. ध्रुवणमापन तेव्हा घरी राहिले.

याच दशकात अर्थ लावण्याच्या पद्धतींना घाट आला. १९९७मध्ये क्लाउड आणि फ्रान्सचे एरिक पॉटिए यांनी शेजारच्या बिंदूंची सरासरी घेऊन बनवलेल्या मॅट्रिक्समधून दोन आकडे काढले. एक एन्ट्रॉपी, शून्य ते एक या पट्ट्यातली. लहर एकाच प्रकारे परतली तर शून्य आणि पूर्ण गोंधळात परतली तर एक. दुसरा अल्फा कोन, शून्य ते ९० अंश. शून्याजवळ पृष्ठभाग, ४५च्या आसपास झाडोरा, ९०जवळ दुहेरी उसळी. या दोन आकड्यांच्या पटावर संपूर्ण पृथ्वी आठ खणांत वाटता येते, असा हा सुबक प्रस्ताव होता. जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या अँथनी फ्रीमन आणि स्टीफन डर्डन यांनी १९९८मध्ये उलट बाजूने सुरुवात केली. पृष्ठभाग, दुहेरी उसळी आणि झाडोरा यांची भौतिक प्रतिमाने आधी मांडायची आणि प्रत्येक बिंदूत तिन्हींचा वाटा किती ते समीकरणांतून सोडवायचे. ही पद्धत नकाशा करणाऱ्यांना लगेच आवडली. तिच्यातला दोषही लगेच दिसला. झाडोऱ्याचा वाटा ती फुगवून काढते आणि मग हिशेब जुळवताना काही बिंदूंत उरलेल्या दोन प्रकारांची ऊर्जा शून्याच्या खाली जाते. ऊर्जा ऋण असू शकत नाही. हा दोष काढण्यासाठी एवढ्या दुरुस्त्या निघाल्या की, त्यांची नावे लक्षात ठेवणे हाच एक विषय झाला. सर-सी आणि एअरसारच्या चित्रांतील दाणेदार गोंगाट दाबण्याची आणि संख्याशास्त्रावर आधारलेले वर्गीकरण करण्याची कामचलाऊ नव्हे तर पक्की साधने अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतील जाँग-सेन ली यांनी दिली. ली आणि पॉटिए यांचा २००९चा ग्रंथ आजही वर्गांत वापरला जातो. युरोपीय अवकाश संस्थेने पॉटिए यांच्या गटाकडून करून घेतलेली पोलसारप्रो ही प्रणाली विनामूल्य वाटली, आणि ज्यांच्याकडे स्वतःचे विमान नाही अशा देशांतील विद्यापीठांना तिच्यामुळे दार उघडले.

मात्र या काळात कक्षेत फिरणारे उपग्रह जुन्याच वळणाचे होते. युरोपचा ईआरएस-१ फक्त उभे-उभे, जपानचा जेईआरएस-१ फक्त आडवे-आडवे, कॅनडाचा रडारसॅट-१ही तसाच. याचे कारण अज्ञान नव्हते. आडवे आणि उभे स्पंद आलटून-पालटून पाठवायचे तर एकूण स्पंद दुप्पट वेगाने सोडावे लागतात. दोन स्पंदांमधला वेळ निम्मा होतो आणि त्या वेळात जेवढ्या रुंदीची जमीन ऐकता येते ती रुंदीही निम्मी होते. साठवायची माहिती वाढते आणि वीजही जास्त लागते. ज्याला समुद्रातले बर्फ रोज पाहायचे आहे किंवा पुराचा पसारा एका रात्रीत मोजायचा आहे, त्याला अरुंद पट्ट्याची समृद्ध माहिती परवडत नाही. जपानच्या अलोस उपग्रहावरील पालसार (२००६) आणि कॅनडाचा रडारसॅट-२ (२००७) यांनी अखेर चारही नोंदी घेण्याची सोय कायमस्वरूपी उपग्रहांवर आणली. पण रडारसॅट-२चा सर्वांत रुंद पट्टा ५०० किलोमीटरचा, तर मूळ पूर्ण-ध्रुवण पट्टा २५ किलोमीटरचा. वीसपटीचा हा फरक पाहिला की दैनंदिन कामासाठी ती सोय का कमी वापरली गेली ते समजते. जगभरच्या वनांचा नकाशा जपानने पालसारवरून केला तोही पूर्ण ध्रुवणातून नव्हे. एक लहर पाठवून दोन ऐकण्याच्या स्वस्त पद्धतीतून त्यांनी तो काढला.

ही कोंडी फोडण्याचा एक मार्ग अर्ध्या किमतीत बरेच काही मिळवण्याचा होता. फ्रान्सचे झाँ-क्लोद सुईरिस यांनी २००५मध्ये ४५ अंशांनी तिरपी लहर पाठवून आडवी-उभी ऐकण्याचा प्रस्ताव मांडला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कीथ रेनी यांनी २००७मध्ये वर्तुळाकार लहर पाठवा आणि आडवी-उभी ऐका, असे सुचवले. स्पंद एकाच प्रकारचे असल्याने पट्टा निम्मा होत नाही आणि दोन्ही ऐकलेल्या लहरींतील कलासंबंध टिकत असल्याने बरीचशी ओळख शाबूत राहते. या संमिश्र पद्धतीच्या इतिहासात भारताचे नाव अगदी सुरुवातीला येते. ऑक्टोबर २००८मध्ये चांद्रयान-१वर गेलेले अमेरिकी मिनी-सार याच रचनेचे होते आणि चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळच्या ४०हून अधिक विवरांत बर्फ असावे असा निष्कर्ष त्याच्या नोंदींवरून काढला गेला. खडकाळ जमीनही तसाच संकेत देऊ शकते, म्हणून त्यावर वाद आहे. पृथ्वीकडे पाहणारे या रचनेचे पहिले उपग्रह-रडार मात्र पूर्णपणे इस्रोचे. अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरने बनवलेले सी-बँड रडार घेऊन रिसॅट-१ हा १८५८ किलोचा उपग्रह २६ एप्रिल २०१२ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाला. तोवर पीएसएलव्हीने उचललेला तो सर्वांत जड उपग्रह होता.

भारताला या रडारची निकड का होती, हे खरिपाच्या नकाशाकडे पाहिले की कळते. भात लावणीच्या दिवसांत कोकणावर, पूर्व विदर्भावर, ओडिशा-बंगालवर आठवडेच्या आठवडे ढग असतात आणि साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला नेमके तेव्हा काही दिसत नाही. रडारला भाताचे खाचर आधी काळे दिसते, कारण साचलेले शांत पाणी लहर पुढे परावर्तित करून टाकते. रोपे वर आली की पाणी आणि उभे धाट यांच्यात दुहेरी उसळी सुरू होते आणि आडव्या-उभ्या नोंदींचे गुणोत्तर बदलत जाते. पान दाट झाले की ध्रुवण बदललेली लहर वाढते. म्हणजे लावणी कधी झाली आणि पीक कोणत्या अवस्थेत आहे, हे दोन-तीन फेऱ्यांत वाचता येते. मुंबईत पवईच्या आयआयटीतील साधनसंपत्ती अभियांत्रिकी अभ्यास केंद्रात वाय. एस. राव आणि अविक भट्टाचार्य यांच्या गटाने या विषयात जगाने दखल घ्यावी असे काम केले आहे. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाची २५० किलोमीटर रुंद पट्ट्याची, उभी पाठवून उभी व आडवी ऐकलेली चित्रे कोणालाही फुकट मिळतात, पण ती पूर्ण ध्रुवणाची नाहीत. तेवढ्यातूनच पिकाची वाढ सांगणारा एक निर्देशांक या गटाने कॅनडा आणि स्पेनच्या सहकाऱ्यांसह २०२०मध्ये मांडला. लहरीचा किती भाग सुव्यवस्थित परतला आणि किती विस्कळीत, हे गुणोत्तर त्याच्या मुळाशी आहे. हे क्लाउड-पॉटिए यांच्या विचाराचे काटकसरी रूप म्हणता येईल. पूर्ण ध्रुवणाची हौस न परवडणाऱ्या शेतीखात्यांसाठी हेच अधिक कामाचे आहे.

लांब तरंगलांबीकडे जाताना आणखी एक अडसर आला. पृथ्वीभोवतीच्या आयनांबरात चुंबकीय क्षेत्रामुळे लहरीचे ध्रुवण फिरते. याला फॅरेडे घूर्णन म्हणतात. ते तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे सी-बँडला त्याची फारशी झळ लागत नाही, एल-बँडला लागते आणि सुमारे ७० सेंटिमीटरच्या पी-बँडला तर ते दुर्लक्षून चालतच नाही. चारही नोंदी असतील तर हे घूर्णन किती झाले ते त्या नोंदींतूनच काढून दुरुस्त करता येते. पूर्ण ध्रुवणमापन इथे चैन राहत नाही, गरज होते. युरोपीय अवकाश संस्थेचा बायोमास उपग्रह म्हणूनच पूर्ण ध्रुवणमापी आहे. २९ एप्रिल २०२५ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून तो निघाला. पी-बँडची लहर पानांच्या छतातून आत शिरून खोड आणि जाड फांद्यांपर्यंत पोहोचते आणि लाकडाचा साठा बव्हंशी तिथेच असतो. मात्र उत्तर अमेरिका आणि युरोपवर तो आपले रडार चालवत नाही, कारण अवकाशातील वस्तूंवर पाळत ठेवणारी अमेरिकी लष्करी रडारे त्याच वारंवारतेवर काम करतात. विषुववृत्तीय वने त्याच्या आवाक्यात पूर्णपणे येतात.

अरुंद पट्ट्याची जुनी अडचण निसार या उपग्रहाने वेगळ्या वाटेने सोडवली. इस्रो आणि नासा यांनी ३० सप्टेंबर २०१४ रोजी टोरांटोत या मोहिमेचा करार केला, आणि ३० जुलै २०२५ रोजी जीएसएलव्ही-एफ१६ने तो उपग्रह श्रीहरिकोट्याहून अवकाशात नेला. त्याच्या १२ मीटर व्यासाच्या जाळीदार परावर्तकासमोर एकच मोठी ऐकणारी अँटेना नाही, अनेक छोटे ग्राहक आहेत. परतणारा प्रतिध्वनी जसजसा जमिनीच्या जवळच्या कडेकडून दूरच्या कडेकडे सरकतो, तसतसे ऐकण्याचे काम एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे दिले जाते. त्यामुळे २४० किलोमीटरहून रुंद पट्टा बारीक तपशिलांसह मिळतो. नासाचे एल-बँड आणि इस्रोचे एस-बँड अशी दोन रडारे त्यावर आहेत, आणि एकाहून अधिक ध्रुवणांत काम करण्याची सोय दोन्हींत आहे. जगातील बहुतांश जमिनीवरून तो १२ दिवसांत दोनदा जातो, चढत्या आणि उतरत्या फेरीत. त्याची निरीक्षणे विनामूल्य देण्याचे दोन्ही संस्थांनी ठरवले आहे. नासाच्या बाजूने हे काम अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीकडे आहे, तर भारतात हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडे.